एकेरी बेल

टेलिफोन एक्स्चेंजचं काम म्हणजे दारावर बसलेल्या चौकीदाराचं काम. कोणाकडे जायचंय एवढं विचारायचं आणि बोट दाखवायचं. यंत्र कितीही नवं असो, त्याला आधी आकड्यांचे नियम शिकवावे लागतात. दोनपासून सुरू होणारा नंबर फिरवला की वॉर्डात. पाचपासून सुरू झाला की डॉक्टरांच्या खोल्यांत. आधी शून्य लावलं की बाहेरच्या लाइनवर. यंत्र हे नियम वरून खाली वाचतं आणि पहिला जो जुळेल त्याच्या गळ्यात फोन घालून मोकळं होतं. सगळ्यात खाली एक शेवटचा नियम असतो, वर कशातच न बसलेल्या नंबरांसाठी. आम्ही त्याला झोळी म्हणतो. अर्धवट फिरवलेले, चुकलेले, थरथरत्या बोटांनी भलतेच लावलेले नंबर झोळीत पडतात, आणि झोळी कोणाच्या तरी हातात द्यावी लागते.

हे करता करता माझे केस गेले, गुडघे गेले आणि लग्नाचं वयही गेलं. तक्रार नाही, कंटाळा आहे. तो सकाळी बूट घालताना सुरू होतो आणि उशीवर डोकं टेकलं तरी शिल्लक राहतो. टेकडीवरच्या रुग्णालयात जुनं एक्स्चेंज काढून नवं बसवायचं काम आलं तेव्हा मी एवढंच विचारलं, लिफ्ट आहे का. नव्हती. पण एक्स्चेंजची खोली जिन्याखालीच होती, म्हणजे अर्धं गाऱ्हाणं ऐकलं गेलं.

खोली अरुंद आणि लांब होती. छताखालून पाण्याचे नळ गेलेले, त्यांना सतत घाम फुटलेला. फिनेलचा वास जिन्यावरून खाली उतरून तिथेच मुक्कामाला राहायचा. जुनं यंत्र कपाटाएवढं होतं आणि दार उघडलं की आतून गरम धुळीचा वास यायचा. खोलीला लागून काचेच्या भिंतीची एक छोटी केबिन होती. तिथे ऑपरेटर बाई बसायच्या. खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर, बोर्डाशेजारी थर्मास, आणि समोर रुग्णालयाच्या एकेका बाजूसाठी एकेक छोटा दिवा.

बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्या गेल्या की केबिन बंद होणार होती आणि झोळी रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या हातात जाणार होती. ज्यांच्या पोटावर आपण पाय देतो त्यांच्याशी जरा गोड बोलायची मला सवय आहे. पण बाईंना राग नव्हता.

"मी सुटले," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी सुटणार?"

टेस्टिंग आम्ही दोघं मिळून करायचो. मी कपाटाजवळच्या फोनवरून केबिनचा नंबर फिरवायचो. आतला फोन असला की बेल एकेरी वाजते. एकदा ट्रिंग, मग लांब शांतता. बाहेरचा असला की जोडीने वाजते, ट्रिंग ट्रिंग. ऑपरेटर बेलवरूनच आपला आवाज ठरवते. बाहेरच्याला "नमस्कार", आतल्याला "हं, बोला". बाई "हं, बोला" म्हणायच्या आणि मला ते दोनदा ऐकू यायचं. आधी केबिनच्या उघड्या दारातून, आणि तेच शब्द मागोमाग रिसीव्हरमधून. दोन्ही फोन एकाच छताखाली, हाकेच्या अंतरावर असले की असं होतं. नवखा माणूस दचकतो. माझं तिकडे लक्षही जात नाही.

रुग्णालयाची जुनी बाजू केव्हाच बंद पडलेली होती. लांबलचक व्हरांडा, एका ओळीत खाटा. दुखणं लांबलेली माणसं तिथे ठेवायचे, असं बाईंनी सांगितलं. व्हरांड्याच्या टोकाला एक फोन होता. भिंत धरत धरत तिथवर जायचं आणि बाईंना म्हणायचं, घरी लावून द्या. आता व्हरांड्याला पत्रे ठोकले होते. तिकडच्या तारा मी स्वतःच कापल्या होत्या, कारण नव्या यंत्रात त्यांना जागाच नव्हती. कापलेल्या टोकांना टेप गुंडाळून त्यांची जुडी भिंतीला टांगून ठेवली होती.

दुपारी मी स्क्रू पिळत बसलो असताना केबिनमध्ये बेल वाजली. एकेरी. काचेतून पाहिलं तर कोपऱ्यातला एक दिवा लागला होता. बाईंनी फोन उचलला, थोडं ऐकलं आणि आजारी नातवाला समजवावं तशा आवाजात म्हणाल्या, "लाइन व्यस्त आहे हो. थोडं थांबा. लागली की सांगते." मग रिसीव्हर अलगद ठेवला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"जुनी बाजू."

"तिकडच्या तारा कापल्यात मी."

"बघितलं ना. छान कापल्यात."

मी त्यांना समजावून सांगितलं. जुन्या तारांत ओल शिरली की शेजारच्या तारेतला आवाज इकडे येतो, उंदरांनी कुरतडलं की दिवे उगाच लागतात. असे चमत्कार मी ढिगाने पाहिलेत आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक मेलेला उंदीर निघालाय. बाईंनी थर्मासचं झाकण फिरवत सगळं ऐकून घेतलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण उंदीर नंबर सांगत नाहीत. हे सांगतात. घरचे जुने नंबर, तोकडे तोकडे. ते नंबर आता राहिलेत कुठे? कुठेच लागत नाहीत, म्हणून माझ्याकडे येतात."

"मग तुम्ही काय करता?"

"नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की रडतात. आणि 'या' असं चुकूनही म्हणत नाही. थांबा म्हणायचं. थांबायची त्यांना सवय आहे."

त्या हसल्या नाहीत. मी हसलो, पण मला ते जमलं नाही.

आमच्या घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मोबाइल आल्यावर शेजारपाजारच्या सगळ्यांनी घरचे फोन काढून टाकले. आमचा राहिला. धाकट्यामुळे. धाकटा म्हणजे माझा भाऊ. खांद्याला पिशवी अडकवून तो एका सकाळी कामाच्या शोधात निघाला आणि जिन्यातून ओरडला, "पोचलो की फोन करतो." तो फोन आला नाही. पोलीस झाले, स्टेशनं झाली, शवागारंही मीच पाहिली. आई त्या वाट पाहण्यातच गेली. बाबांनी मात्र एकच धरून ठेवलं, की त्याला हाच नंबर पाठ आहे. नंबर बदलायचा नाही, फोन काढायचा नाही. ते फोनशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि कुठलाही फोन पहिल्या बेलला उचलायचे. बँकेचा, विम्याचा, चुकलेला. प्रत्येक वेळी त्यांचं "हॅलो" उंच उडायचं आणि मग खाली यायचं. ते ऐकून ऐकून माझा जीव विटला होता. बाबांचं जेवण दोन घासांवर आलं होतं, दाढी वाढली होती, बोलणं "हं" आणि "नको" एवढंच.

धाकट्यावर माझा राग होता आणि अजून आहे. राग कशाचा हे सांगायला तो समोर हवा. लहानपणापासून मी त्याच्या चुका काढायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. "काय मास्तर, किती मार्क?" बाबा त्याला सांगून थकले, मोठा भाऊ आहे, दादा म्हण. तेच आपले म्हणत राहायचे, दादाला विचार, दादाला सांग. धाकट्याच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही.

तर झोळी. नवं यंत्र सुरू झालं तेव्हा सगळे नियम बसले होते, फक्त झोळीसाठीचं रेकॉर्डिंग ऑफिसातून यायचं बाकी होतं. झोळी तपासायला असा नंबर द्यावा लागतो जिथे कोणी तरी नक्की फोन उचलेल. बहुतेक जण स्वतःचा मोबाइल देतात, पण दोन्ही हात तारांत असताना खिसा वाजू लागला की चिडचिड होते. मी घरचा नंबर दिला. बाबांइतक्या लवकर फोन उचलणारा माणूस मला तरी माहीत नाही. मी मुद्दाम वाकडातिकडा नंबर फिरवला, तिकडे पहिल्या बेलला बाबांचं "हॅलो" उडालं. "मी आहे, टेस्टिंग," म्हटलं, ते खाली आलं. काम झालं. रेकॉर्डिंग येईपर्यंत तात्पुरतं राहू दे, असं म्हणून मी अवजारं आवरली. आमच्या धंद्यात तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ काही नसतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण पाठ दुखत होती आणि घरी जायचं होतं.

बाई त्याच दिवशी गेल्या. स्वेटर हातावर टाकून दारात थांबल्या.

"झोळी कोणाकडे दिलीत?"

"मशीनकडे."

"मशीन थांबा म्हणेल ना?"

"सगळं म्हणेल, बाई," मी म्हणालो. त्या जिना चढून गेल्या.

पुढे मी दुसऱ्या कामांत अडकलो आणि रुग्णालय डोक्यातून गेलं. घरात मात्र काही तरी बदललं. एका संध्याकाळी परतलो तर बाबांनी दाढी केलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोळीवर भाजी मागून घेतली. मग एकदा चक्क मला टोमणा मारला, "टकलाला तेल लाव, निदान चमकेल तरी." मी आत जाऊन रडलो. बरं वाटत होतं म्हणून रडलो. का बदलले हे विचारलं नाही. सुख दारात आलं की त्याला ओळखपत्र मागू नये, एवढं मला कळतं.

शेवटी त्यांनीच सांगितलं. मी बुटांची नाडी सोडत होतो.

"धाकट्याचा फोन येतो."

माझा हात तिथेच राहिला. मी हिशोबी माणूस आहे, पण त्या क्षणी माझ्या छातीत जे झालं त्याला हिशोब नव्हता. इतक्या वर्षांचा राग एका घोटात विरघळला. फक्त तो जिवंत आहे एवढंच उरलं.

"कुठून करतो?"

"ते सांगत नाही. आडून आडून बोलतो. घरी लावून द्या म्हणतो, मी म्हणतो अरे घरीच लागलाय."

"आवाज त्याचाच आहे?"

बाबा थोडं अडखळले. "बदललाय. कधी बसलेला असतो, कधी बायकी वाटतो. त्याची बायको बोलत असेल. लग्न केलं असेल त्याने, तुझ्यासारखा नाही तो." ते खुशीत हसले. "परवा एक म्हातारा होता. सासरा असणार."

घरी लावून द्या. हे शब्द मी कुठे ऐकले होते ते आठवायला मला वेळ लागला नाही. मी नाडी पुन्हा बांधली, पण जिन्याखालच्या खोलीला रात्री कुलूप असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेकडीवर गेलो. जिन्याखालची खोली थंड होती. केबिनमध्ये रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. मी यंत्राचा स्क्रीन सुरू करून नियम पाहिले. वरचे सगळे ठाकठीक. सगळ्यात खाली झोळी, आणि झोळीपुढे आमच्या घरचा नंबर. त्याच्याशेजारी हिरवी खूण होती. म्हणजे आत्ता या क्षणी झोळीतून फोन चालू होता. कुठून, तिथे यंत्राने काहीच दाखवलं नव्हतं. ती चौकट कोरी होती.

भिंतीवर कापलेल्या तारांची जुडी तशीच लटकत होती. टेपही सुटली नव्हती.

चालू लाइन ऐकायची सोय आम्हाला असते. मी टेस्टिंगचा रिसीव्हर जोडला आणि कानाला लावला.

बाबा बोलत होते. "अरे, विचारतोस काय सारखं? तुझंच घर आहे. ये की." मग एक लांब श्वास. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे आणखी. एका पाठोपाठ एक, रांगेत उभी राहिलेली माणसं आपली पाळी येईपर्यंत सोडतात तसे. "किल्ली मीटरच्या पेटीत असते," बाबा म्हणाले. "आतली खोली तुझीच आहे. चादर घातली आहे. दादा काही बोलणार नाही तुला. मी सांगतो दादाला."

"बरं," कोणी तरी म्हणालं. बायकी आवाज होता तो.

"बरं," दुसऱ्या कोणी म्हटलं. तो म्हातारा होता.

मग थोड्या दुरून, सराव करावा तसं, एकेक अक्षर चाचपत, "दा. दा."

मी नियम पुसला. खूण विझली, बाबांचं "हॅलो, हॅलो" मध्येच तुटलं. रेकॉर्डिंग कधीच येऊन पडलं होतं, ते मी झोळीला जोडलं. सवयीने जोडणी एकदा तपासली. "आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही," रेकॉर्डिंगमधला गोड आवाज म्हणाला. थांबा असं तो म्हणत नव्हता.

मग मी खिशातल्या फोनवरून ऑपरेटर बाईंना गाठलं. सगळं सांगितलं. तिकडे कुकरची शिटी झाली, त्यांनी गॅस बंद केला असावा.

"पुसलंत ना आता?" त्यांनी विचारलं.

"पुसलं. यंत्रात आता माझ्या घराचा नंबर कुठेही नाही. एकही फोन तिकडे जाऊ शकत नाही."

"बाबा त्यांना 'या' म्हणाले?"

"हो."

"मग त्यांना फोन कशाला लागतोय?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार दमलेला होता. "तुम्ही घरी जा. आणि काही झालं तरी थांबा म्हणा."

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. जिन्यात ऊन होतं, कोणाच्या तरी घरातून रेडिओ ऐकू येत होता. मीटरची पेटी उघडी होती आणि किल्ली तिच्या खिळ्यावर होती. मला एवढं बरं वाटलं की मी पायरीवर मिनिटभर बसलो.

बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होते. गालांवर, ओठांवर साबणाचा फेस. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं आणि वस्तऱ्याने आतल्या खोलीकडे खूण केली. तिचं दार ओढून घेतलेलं होतं. धाकटा गेल्यापासून ते दार आम्ही उघडं ठेवत आलो होतो.

"बाबा, दार कोणी लावलं?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. फेस लागलेलं बोट.

फोन वाजला.

एकदाच. ट्रिंग. मग लांब शांतता.

आमच्या घरात एकच फोन आहे. त्याला आत-बाहेर काही नाही, तो जन्मभर जोडीने वाजत आलाय. मी उभा राहिलो. पुन्हा एकदाच वाजला.

बाबा उठले नाहीत. पहिल्या बेलला उचलणारे बाबा, ते हसत हसत मलाच मान हलवून सांगत होते, घे, तू घे.

मी रिसीव्हर उचलला. थांबा म्हणायचं, मी मनाशी म्हणत होतो. थांबा.

"लाइन व्यस्त आहे," मी म्हणालो. "थोडं थांबा."

"दादा," आवाज आला. "पोचलो."

बाबांचे ओठ फेसाखाली मिटलेले होते. आवाज मला दोनदा ऐकू आला. आधी आतल्या खोलीच्या दारातून, मग रिसीव्हरमधून.